आमची झाडे मोजा : कोकणातील एका लहान बागायतदाराचे खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, मा. फलोत्पादनमंत्री, मा. पणनमंत्री आणि या तिन्ही खात्यांचे अधिकारी,
महाराष्ट्र शासन.

विषय : लहान व मिश्र फळबागांची नोंद, विमा, नुकसानभरपाई आणि विक्री यांसाठी झाड हे एकक धरण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातील एक लहान बागायतदार आहे. तीन वेगवेगळ्या सर्व्हे नंबरांत विखुरलेली ४२ गुंठे जमीन माझ्या वहिवाटीत असून तिच्यात आजमितीस हापूसची २४ कलमे, रायवळ आंब्याची तीन जुनी झाडे, फणसाची ९, रातांब्याची (म्हणजे कोकमाची) ११ आणि काजूची तीसेक झाडे उभी आहेत. यांपैकी फणस बहुतेक गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने आहेत, रातांबे व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला कलमांच्या सावलीत आहेत आणि काजू सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर आहेत, जिथे कातळ इतका वर आलेला आहे की दुसरे काही लावायचे म्हटले तर आधी पहारीने खड्डा फोडावा लागतो आणि मग माती बाहेरून आणून भरावी लागते. ही बाग कागदावर रेखीव दिसत नाही. तरीही या झाडांवर आमचे पाच माणसांचे घर चालते, आणि दक्षिण कोकणात माझ्यासारख्यांची संख्या थोडी नाही, म्हणून हे पत्र खाजगी अर्जाच्या रूपात न पाठवता उघडपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. आपल्या खात्यांच्या जवळजवळ सर्व योजना हेक्टर या मापाने चालतात आणि आमच्या मालाचा बाजार पेटी या मापाने चालतो. लहान बागायतदाराचे प्रत्यक्ष उत्पन्न मात्र या दोहोंपैकी कोणत्याही मापात नीट बसत नाही, ते झाडात आणि किलोत बसते. माप चुकीचे असले की त्यावर उभा केलेला हिशोब कितीही प्रामाणिक असला तरी चुकतो, आणि तो दर वेळी आमच्याच बाजूने कमी भरतो.

आधी हेक्टरविषयी लिहितो. माझ्या वडिलांनी ही कलमे १९९१ साली, रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यानंतरच्या वर्षी लावली. त्या योजनेने कोकणाचे सडे हिरवे केले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. त्या वेळी लागवड झाली की कलमे मोजली जात आणि पुढच्या पाहणीत त्यांतली किती जगली हेही मोजले जाई. आजच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतही तीच रीत आहे : अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी किमान ८० टक्के व दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. या योजनेने कोकणासाठी किमान क्षेत्राची अट १० गुंठ्यांपर्यंत खाली आणली, हेही योग्यच झाले. म्हणजे झाड लहान असताना, ते जगेल की नाही याची खात्री नसताना, शासन एकेक झाड मोजते. तेच झाड तीस वर्षांचे झाले, त्याने घर पोसायला सुरुवात केली आणि मग एके दिवशी ते वादळात आडवे झाले, की त्याची गणना थांबते आणि त्याच्याखालच्या जमिनीची सुरू होते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. माझी तेव्हा ३१ कलमे होती, त्यांतली सात मुळासकट उपटली गेली. आज २४ उरली आहेत ती त्यामुळे. त्या वादळानंतर शासनाने बहुवार्षिक फळपिकांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली, जी आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या केंद्रीय निकषापेक्षा बरीच अधिक होती. परंतु हापूसची जुनी लागवड दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० कलमे अशी धरली, तर या दराने एका कलमाच्या वाट्याला ५०० रुपये येतात. तीस वर्षांचे कलम, जे बऱ्या वर्षी तीन-चार पेट्या सहज देत होते, त्याची ही किंमत. आडवे झालेले खोड करवतीने कापून, फांद्या बाजूला करून जागा मोकळी करायला मजुरी यापेक्षा अधिक लागली. त्या जागी नवे कलम लावले तर त्याला पहिली फळे धरायला पाच-सहा वर्षे आणि जुन्याच्या तोडीचे उत्पन्न द्यायला पंधरा वर्षे जातात. मी आज पंचावन्न वर्षांचा आहे, तेव्हा हा हिशोब मला बोटांवर करता येतो.

शासनाने झाड मोजायचे ठरवले तर ते जमते, हेही आम्ही पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकले आणि रायगड जिल्ह्यासह दापोली, मंडणगड भागातील नारळ-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. तिथल्या वाडीत चार-पाच गुंठ्यांत नारळ, पोफळी, त्यांच्यावर मिरीचे वेल, मध्ये जायफळ आणि केळी अशी दाटी असते. हेक्टरी दराने त्या लोकांच्या हाती काहीच पडेना, तेव्हा लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आग्रह धरल्यावर नारळाला झाडामागे २५० रुपये आणि सुपारीला झाडामागे ५० रुपये असा दर काढण्यात आला. या रकमा तुटपुंज्या होत्या, अडीचशे रुपयांत चांगल्या जातीचा एक माड लावून दोन वर्षे शिंपणेसुद्धा होत नाही, हे खरे आहे. पण त्या निर्णयाने तत्त्व मान्य झाले की मिश्र बागेत जमीन मोजून नुकसान कळत नाही. नारळ आणि पोफळीला जे तत्त्व लागू झाले ते आंबा, फणस आणि रातांब्याला का लागू होऊ नये, याचे उत्तर मला आजवर कुठल्याही शासन निर्णयात सापडलेले नाही. झाडाच्या वयाचे तीन गट करावेत, फळ न धरलेले, दहा ते वीस वर्षांचे आणि त्यावरचे, आणि प्रत्येक गटाला प्रत्येक फळासाठी वेगळा दर ठरवावा, इतके साधे हे काम आहे.

विम्याचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंबा आणि काजू ही आमची दोन पिके आहेत, आणि मी दर वर्षी हप्ता भरतो. मात्र आंब्याच्या या विम्यात वाऱ्याचे संरक्षण १५ मे रोजी संपते. तौक्ते आले ते १६ मे रोजी. या एका दिवसाच्या अंतराबद्दल मी ज्यांच्याशी बोललो ते सगळे सौजन्याने वागले, कुणीही मला उडवून लावले नाही, आणि नियमात जे लिहिले आहे त्याच्या पलीकडे त्यांना काही करता येणार नव्हते हेही मला कळत होते. म्हणून तर हे पत्र नियम करणाऱ्यांना लिहीत आहे. आमच्याकडे हंगाम १५ मेला संपत नाही. मोहोर लांबला, थंडी उशिरा पडली किंवा पहिला मोहोर गळून दुसरा आला, की निम्मा माल मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच तयार होतो. २०२५ मध्ये २० मेच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि २५ मे रोजी मोसमी पाऊस आमच्या देवगडपर्यंत पोहोचला, जो एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. झाडावरचा आंबा काळा पडला, फळमाशीने भरला आणि आम्ही तो गोळा करून खड्ड्यात पुरला.

रातांब्याचे तर विचारूच नका. रातांबा एप्रिलपासून पिकू लागतो, त्याचा भर मेमध्ये असतो, आणि सोल करायची म्हणजे साल मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, असे चार-पाच वेळा करावे लागते. ज्या वर्षी मेमध्ये ऊन नसते त्या वर्षी सोल नसते. २०२५ मध्ये आमच्या अंगणातल्या चटयांवरची सोले बुरशी येऊन फेकून द्यावी लागली. त्यामागे माझ्या पत्नीचे आणि वहिनीचे तीन आठवड्यांचे श्रम होते, जे कुठल्याही पंचनाम्यात येत नाहीत. फणस आणि रातांबा ही दोन्ही फळे विम्याच्या यादीतच नाहीत. ती यादीत नाहीत, कारण त्यांचे क्षेत्र नोंदलेले नाही. आणि क्षेत्र नोंदलेले नाही, कारण ही झाडे क्षेत्र व्यापून उभी नसतात, ती गडग्याला, परड्यात, विहिरीच्या कडेला असतात.

विम्यासाठी पावसाची व तापमानाची नोंद महसूल मंडळातील, म्हणजे काही गावांच्या गटातील, स्वयंचलित हवामान केंद्रावरून घेतली जाते. आमच्या मंडळात खाडीकाठ आहे, सडा आहे आणि दोन डोंगरांमधली दरी आहे. एकाच दुपारी सड्यावर अंग भाजते आणि दरीत गारवा असतो. केंद्र कुठे तरी एकाच ठिकाणी असणार हे मान्य आहे. पण जिथे एका केंद्राचा आकडा हजारो झाडांचे भवितव्य ठरवतो, तिथे मंडळात किमान दोन उंचींवर दोन केंद्रे असावीत, ही मागणी अवाजवी वाटू नये.

आता नोंदीविषयी. आमच्या ४२ गुंठ्यांच्या सातबाऱ्यांवर मिळून सतरा नावे आहेत. त्यांतली सहा माणसे हयात नाहीत, चार मुंबईत आहेत, एक चुलत चुलते बडोद्यास होते त्यांच्या मुलांचा पत्ता आम्हाला ठाऊक नाही, आणि उरलेल्यांपैकी दोघांशी आमचे, गावाच्या रीतीप्रमाणे, बोलणे नाही. कोकणात हे इतके सार्वत्रिक आहे की मी वेगळे काही सांगतो आहे असे कुणाला वाटणार नाही. बहुतेक योजनांचा अर्ज भरताना सहहिस्सेदारांचे संमतीपत्र मागितले जाते, आणि त्या एका कागदापाशी लहान बागायतदाराचा अर्ज अडतो. वहिवाट आमची, फवारणी आमची, राखण आमची, पण कागद सतरा जणांचा. वारस तपास आणि वाटप करून घ्यावे असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. तो योग्यही आहे, परंतु त्याला लागणारी वर्षे आणि खर्च पाहता तोवर कलमे म्हातारी होतील.

यावरचा मार्ग आपल्याच हातात आधीपासून आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप आले आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोटो काढून पिकाची नोंद करायची अशी पद्धत सुरू झाली. त्या ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदविण्याची सोय आहे आणि तिथे झाडांची संख्या विचारली जाते. मी माझे फणस आणि रातांबे तिथे दर वर्षी इमानाने नोंदवतो. (मोबाईलला रेंज सड्यावर मिळते आणि झाडे खाली व्हाळात आहेत, त्यामुळे फोटो एकीकडे आणि पाठवणे दुसरीकडे अशी कसरत होते, पण ते असो.) म्हणजे कोणाच्या जमिनीत किती झाडे आहेत याचा आकडा, अपुरा का होईना, शासनाच्या संगणकात आहे. तो आकडा पुढे कुठल्याही योजनेत वापरला जात नाही. माझी विनंती आहे की गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, ज्यांना आम्ही अजून तलाठीच म्हणतो, आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या कृषी सहायकांनी) मिळून या नोंदी एकदा जागेवर तपासाव्यात, वहिवाटदार कोण आहे हे ग्रामसभेसमोर वाचून दाखवावे, हरकत आल्यास ऐकावी आणि त्यानंतर वहिवाटदाराला त्याच्या झाडांचा एक दाखला द्यावा. जमिनीच्या मालकीचा प्रश्न जिथल्या तिथे राहू द्या. दाखला फक्त एवढेच सांगेल की अमुक झाडे अमुक माणूस कसतो, आणि विमा, मदत व लागवडीखेरीजच्या अनुदानांसाठी तो पुरेसा मानला जावा.

महोदय, इथवर मी शासनाच्या मापाविषयी लिहिले. आता बाजाराच्या मापाविषयी लिहितो. तो विषय पणन खात्याचा असला तरी बागायतदाराच्या डोक्यात दोन्ही एकाच रात्री घोळतात.

आमचा हापूस पिढ्यान्‌पिढ्या पेटीने विकला जातो. पेटीत चार डझन, पाच डझन, सहा डझन फळे, फळाच्या आकाराप्रमाणे भरतात. चौदा आणे तयार, म्हणजे पिकण्याआधीचे पण पुरते भरलेले, फळ देठासकट झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) उतरवायचे, चीक लागू न देता सावलीत ठेवायचे, प्रतवारी करायची, पेंढा घालून पेटी भरायची आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला पाठवायची. पेटी गाडीत चढली की ती आमची राहत नाही आणि तिचा भावही आम्हाला ठाऊक नसतो. काही दिवसांनी दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते, तीवर पेटीचा दर असतो, त्यातून गाडीभाडे, हमाली आणि आणखी एक-दोन बाबी वजा असतात आणि खाली एक आकडा असतो. हंगामाआधी औषधांसाठी दलालाकडून उचल घेतलेली असते, कारण मोहोराच्या संरक्षणासाठी कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातल्या सहा फवारण्या जरी केल्या तरी तुडतुडे, फुलकिडे, भुरी आणि करपा यांचा खर्च लहान माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. ती उचलही त्याच पट्टीतून वळती होते. उचल घेतलेली असल्याने माल दुसरीकडे पाठवता येत नाही, आणि दुसरीकडे पाठवता येत नसल्याने भाव विचारण्याला अर्थ उरत नाही. दलाल वाईट आहेत असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्रीच्या गाडीने पैसे पाठवणारा माणूस दलालच होता. पण चांगल्या माणसाशीही व्यवहार लिहून असावा.

एक प्रसंग सांगतो. एका वर्षी मी आणि शेजारच्या बागेतले माझे स्नेही, आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच गाडीने, एकाच प्रतीच्या पाच डझनी पेट्या दोन वेगवेगळ्या गाळ्यांवर पाठवल्या. पट्ट्या आल्या तेव्हा माझा दर पेटीमागे ४०० रुपयांनी कमी होता. मी फोन केला. मला सांगण्यात आले की माझे फळ बारीक होते. बारीक म्हणजे किती, याला पुढे उत्तर नव्हते, कारण फळ कुणी तोललेच नव्हते.

त्या फोनचा अर्थ मला २०२० च्या टाळेबंदीत उमगला. त्या एप्रिलमध्ये बाजाराची घडी विस्कटली, गाड्या अडकल्या, आणि मुंबई-पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांना थेट आंबा पाठवायची वेळ कोकणातल्या असंख्य बागायतदारांवर आली. आमच्या भाचीच्या ओळखीने ठाण्यातील एका संस्थेने माझ्याकडे चाळीस पेट्या मागितल्या. तिथल्या एका बाईंनी फोनवर विचारले, “काका, पाच डझन म्हणजे साधारण किती किलो?” मला सांगता येईना. इतकी वर्षे आंबा विकून मला माझ्या पेटीचे वजन माहीत नव्हते. मी त्या संध्याकाळी बाजारपेठेतून ताणकाटा आणला. २५० ग्रॅमच्या फळांची पाच डझनी पेटी निव्वळ १५ किलो भरते आणि २२० ग्रॅमच्या फळांची तेवढ्याच डझनाची पेटी १३ किलो २०० ग्रॅम भरते. दोन्ही दिसायला एकसारख्याच. पेटीवर पावणेदोन-दोन किलोंचा हा फरक कुणाच्या खिशात जातो, हे दर वेळी वेगळे असेल, कधी तो माझ्याही बाजूने गेला असेल, पण तो कुठे लिहिलेला नसतो एवढे नक्की.

यात एक विसंगती आहे, तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. मेच्या मध्यानंतर डागी, बारीक आणि अति पिकलेला आंबा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, जातो. तिथे क्रेट काट्यावर ठेवला जातो, आकडा सर्वांसमोर दिसतो, किलोचा दर सकाळीच फळ्यावर लिहिलेला असतो. दर कमी असतो, त्यावर आम्ही कुरकुरतो, पण मापावर कधी वाद होत नाही. म्हणजे ज्या फळाला आम्ही स्वतः दुय्यम मानतो त्याचे माप चोख, आणि जे फळ वर्षभर जपून, माकडांपासून राखून, एकेक करून उतरवलेले असते, ते अंदाजाने विकले जाते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते अधिक समजेल.

कायद्याने यातले काही सुधारले आहे. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि अडत (दलालाचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. ते पाऊल योग्य होते. पण पट्टी तशीच राहिली. माझी मागणी इतकीच आहे की पेटी ज्या दिवशी विकली जाईल त्याच दिवशी बागायतदाराच्या मोबाईलवर एक संदेश यावा, त्यात डझन आणि निव्वळ वजन हे दोन्ही, दर, खरेदीदाराचे नाव आणि प्रत्येक वजावट स्वतंत्रपणे लिहिलेली असावी, आणि वजन न लिहिलेली पट्टी ग्राह्य धरली जाऊ नये. तालुक्याच्या ठिकाणी, गाडी भरण्यापूर्वी, सार्वजनिक काटा आणि प्रतवारीची छोटी जागा उपलब्ध झाली तर वजनाचा वाद मुंबईपर्यंत जाणारच नाही. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा लाभही अशाच ठिकाणी होऊ शकेल. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो ही तक्रार आपण दर हंगामात वाचता, आणि ज्या पेटीवर बागायतदाराच्या झाडांच्या दाखल्याचा क्रमांक व काट्यावरचे वजन असेल तिची नक्कल करणे अवघड जाईल. मात्र मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता होण्यासाठीही सातबारा लागतोच, आणि आम्ही पुन्हा त्या सतरा नावांपाशी येऊन थांबतो.

थेट विक्री हा सगळ्यावरचा उपाय आहे असे अलीकडे वारंवार सांगितले जाते, म्हणून अनुभवाने सांगतो. मी आजही माझा तिसरा हिस्सा माल थेट विकतो. त्यात भाव बरा मिळतो आणि ग्राहकाचा शब्द ऐकायला मिळतो, पण हापूसमध्ये साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, आणि दर डझनामागे एखादे फळ बदलून द्यायची तयारी ठेवावी लागते. शिवाय २४ कलमांचा माल एकदम तयार होत नाही. आज दोन पेट्या, परवा पाच, मग चार दिवस काहीच नाही. इतक्या थोड्या मालासाठी वाहतूक परवडत नाही. लहान बागायतदारांच्या पेट्या एकत्र करून ठराविक दिवशी मुंबई-पुण्यास पोहोचवणारी सोय, एस.टी.च्या माध्यमातून असो वा अन्य मार्गाने, एप्रिल-मे या दोन महिन्यांपुरती जरी नेमाने चालली तरी पुरे होईल.

फणसाविषयी थोडे लिहिल्याखेरीज हे पत्र पूर्ण होणार नाही, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त वाया जाणारे फळ तेच आहे. केरळने मार्च २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ म्हणून घोषित केले. आमच्याकडे कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, आठळ्या (फणसाच्या बिया), गऱ्यांचे तळलेले काप आणि बरक्याचे, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचे, साठ (रस वाळवून केलेली पोळी) एवढे घरात होते. उरलेले फणस झाडाखाली पडून कुजतात आणि जूनमध्ये गावभर तो वास असतो. फणसाला कीड कमी, फवारणी नाही, आणि एक चांगले कापा (घट्ट गऱ्यांच्या) फणसाचे झाड आंब्याच्या कलमाइतकी निगा कधीच मागत नाही. अडचण फक्त अशी की माझ्या नऊ झाडांसाठी कोणी टेम्पो पाठवणार नाही, आणि गावात मिळून अशी किती झाडे आहेत हे कोणालाच माहीत नाही. झाडांची गणना झाली, गावात तीनशे फणस आहेत असा आकडा पुढे आला, तर प्रक्रिया करणारा उद्योजक स्वतःहून येईल. निदान महिला बचत गटाला कर्ज देताना बँकेसमोर ठेवायला एक कागद तरी असेल. रातांब्याचेही तसेच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती दिल्या आहेत, परंतु जिल्ह्यात फळे देणारी मादी झाडे किती आणि नुसतीच उभी असलेली नर झाडे किती, ही साधी माहिती नसताना योजना आखली जाते. बियांपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. माझ्या ११ झाडांपैकी चार नर आहेत. ती मी तोडलेली नाहीत. एक परागीकरणाला लागते, आणि उरलेली तीन आईने लावलेली आहेत.

आता कामाच्या वेळेविषयी. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये पालवी पक्व होऊ लागते आणि कोकणातील आंब्याच्या विम्याचा हप्ता भरण्याची मुदतही त्याच महिन्यात संपते. वाऱ्याच्या व पावसाच्या संरक्षणाची तारीख १५ मेवरून ३१ मेपर्यंत न्यायची असेल, तर तो निर्णय गणेशोत्सवापूर्वी व्हायला हवा, नाहीतर तो आणखी एका हंगामाने लांबेल. झाडांच्या गणनेसाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, कारण भातकापणी आटोपलेली असते, रान वाळलेले असते आणि माणूस बागेत फिरू शकतो. आमची वाडी मी आणि माझे दोन शेजारी मिळून गेल्या आठवड्यात फिरलो. ३८ घरे, ६१२ कलमे, १४७ फणस आणि २०३ रातांबे भरले. वहीत प्रत्येक झाडापुढे वहिवाटदाराचे नाव, झाडाचे अंदाजे वय आणि ते फळते की नाही हे लिहिले आहे. काम अडीच दिवसांत झाले. त्या वहीची छायाप्रत या पत्रासोबत जोडली असून मूळ वही माझ्याकडे आहे. आपले अधिकारी ज्या दिवशी ती जागेवर पडताळून पाहायला येतील त्या दिवशी सड्यापर्यंत गाडी येते, तिथून पुढे अर्धा तास चालावे लागेल, एवढे आधी कळवून ठेवतो.

आपला विश्वासू,
एक बागायतदार
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग